दादाला चांगलं म्हणायची बंदी होती

सकाळी दूध तापत ठेवलं होतं तेव्हा भाच्याचा फोन आला. "आत्या, पप्पा गेले," एवढंच म्हणाला. दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग खुर्चीत बसून मोठ्यानं एक शिवी हासडली. कुणाला, ते मलाही सांगता येणार नाही. दादाला असेल, आण्णांना असेल, नाहीतर मरणाला. आमच्या घरात दुःख झालं की तोंडात आधी शिवी येते आणि रडू मागाहून येतं. आम्हाला वाढवलंच तसं.

आता त्याला काही आठवडे झाले. रंगनाथ पैलवानावर, म्हणजे आमच्या दादावर, चार चांगले शब्द लिहून द्या, असा निरोप या पुरवणीकडून आला तेव्हा मला हसू आलं. दादा असता तर हे पान त्यानं टराटरा फाडलं असतं. त्याला चांगलं म्हटलेलं खपत नसे. लोकांना वाटे विनय आहे. विनय कसला! भिंगारला त्याच्या घरी एखादा पाहुणा "तुमच्यासारखा सरळ माणूस..." असं सुरू करायचा, की वाक्य पुरं व्हायच्या आत दादा उठून अंगणात जायचा. एका लग्नात जुना पैलवान म्हणून त्याचा सत्कार करायचं ठरलं, तर शाल घेऊन पुढं आलेल्या माणसाला त्यानं असं झिडकारलं की तो बिचारा मांडवाच्या खांबावर जाऊन आपटला. त्यावर लोक म्हणाले, पैलवानाला गर्व झाला आहे. मी तिथंच बसले होते. माझ्या भावाला गर्व होता असं म्हणणाऱ्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं, पण मांडवात नवरी बसली होती.

आमचं गाव शेवगावच्या अलीकडं. आण्णा, म्हणजे आमचे वडील, गावच्या तालमीचे वस्ताद. शेती होती, पण ती आई बघायची. आण्णांचा जीव तालमीच्या मातीत. मुलींना तालमीत पाय ठेवायची मुभा नव्हती, त्यामुळं मी तालीम कधी आतून पाहिली नाही. पण मागच्या भिंतीला एक झरोका होता आणि आमची शेणी थापायची जागा नेमकी त्याच्याखाली. रोज सकाळी मी शेणी थापायची आणि डोक्यावरून शब्द यायचे. जोर काढताना पोरांचे हुंकार, मातीवर अंग आदळल्याचा आवाज, पाठीवर चिंचेचा फोक बसल्याचा आवाज, आणि या सगळ्यावर आण्णा. "मुडद्या, ऊठ." "शेनाचा पो पडल्यागत पडतोय." "तुझ्यापरीस म्हस बरी, ती दूध तरी देती." "आईच्या पदराखाली निज जा, बायल्या." हे सगळं एकाच पोराला असायचं, आणि ते पोर म्हणजे माझा सख्खा भाऊ. बाकीच्यांना आण्णा साधं बोलत. एखाद्या मठ्ठ पोराला "बरं केलंस" सुद्धा म्हणत. दादाला कधीच नाही. दादा तेव्हा विशीतला, उंचापुरा, तांबूस अंगाचा. घरी आला की पाठीवर वळ असायचे. आई हळद लावायची, तो भिंतीकडं तोंड करून बसायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

आता यातली खरी गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला माझा संताप कळेल. आण्णा दादाला शिव्या देत ते त्याचा राग येत होता म्हणून नव्हे. जिल्ह्यात असा पैलवान दुसरा नाही अशी त्यांची खात्री होती, म्हणून. आण्णांना एक धाकटा भाऊ होता, बाळूकाका. तोही पैलवान. एका जत्रेत त्यानं मोठी कुस्ती मारली, तेव्हा आण्णांनीच त्याला खांद्यावर घेतलं आणि फडभर ओरडत नाचवलं, "असा मर्द जिल्ह्यात न्हाई, बघून घ्या." त्याच आठवड्यात बाळूकाकाला ताप चढला आणि तो उतरलाच नाही. विषमज्वर असणार, हे आज कळतं. गावानं तेव्हा नजर लागली असं ठरवलं, आणि आण्णांनी ठरवलं की ती नजर आपल्याच तोंडची. तेव्हापासून त्यांच्या तालमीत एक रीत पडली. जो खरा गुणी, त्याला तोंडावर कधी चांगलं म्हणायचं नाही, उलट जितका गुणी तितका त्याला चिखलात तुडवायचा. लिंबू-मिरचीवर, काजळाच्या टिळ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते नजरेवर उतारा एकच, शिवी. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पारावरची म्हातारी हसत म्हणायची, वस्ताद ज्याला मुडदा म्हनतो तोच खरा गडी. रात्रीच्या जेवणाला दादा नसला की आण्णा आईपाशी त्याचं कौतुक करत आणि वर आम्हाला दम देत, त्याला कळता कामा नये. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दादाला सगळं सांगायची, अगदी शब्दाला शब्द. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "सुमे, तू बहीन हाय. तू तर म्हननारच."

हेच मला आजवर सुटलेलं नाही. ज्याच्या तोंडून ऐकायचं असतं त्यानं म्हणावं लागतं. बाकी गावानं डोक्यावर घेतलं तरी ते पोटात उतरत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, चैत्रात, शेजारच्या गावच्या जत्रेत दादाची कुस्ती होती. आम्ही बाया देवळाच्या ओट्यावरून बघत होतो. समोरचा पैलवान कोल्हापूरकडं तयार झालेला, वयानं थोर. हलगी कडकडत होती. दादानं त्याला वर उचलला आणि असा खाली घातला की धुळीचा लोट ओट्यापर्यंत आला. माणसं उधळली, त्याला खांद्यावर घेतलं, कुणी फेटा बांधला. दादा हसत होता. इतका हसताना मी त्याला पुन्हा कधी पाहिलं नाही. खांद्यावरूनच तो गर्दीत आण्णांना शोधत होता, आणि आण्णा येत होते, माणसं बाजूला सारत. दादा खाली उतरला, पाया पडायला वाकला. आण्णांनी त्याला केसाला धरून वर घेतला आणि सगळ्या फडासमोर फाडकन् थोबाडीत मारली. "येवढा येळ लागतो व्हय रं, मुडद्या? नाक कापलं माझं." लोक हसले. त्यांना वाटलं, बापानं दृष्ट काढली. फेटा मातीत पडला. तो उचलायला कुणीतरी वाकलं तर दादानं त्यावर पाय दिला आणि घराच्या वाटेला लागला... आई ओट्यावर माझा हात इतका दाबून बसली होती की बांगडी फुटून मला लागली. रक्त आलं. तिला कळलं नाही.

त्यानंतर दादाची कुस्ती बदलली. आधी तो लढायचा, आता फाडायला बघायचा. झरोक्यातून येणारे आवाज बदलले. समोरची पोरं कळवळायची. आण्णांना ते जोर वाढल्याचं लक्षण वाटलं आणि त्यांच्या शिव्याही वाढल्या. दुष्काळ आला तो याच दिवसांत. विहिरी आटल्या, पोरांना खुराक मिळेना. अर्ध्या पोरांनी तालीम सोडून पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला सुरुवात केली. उरलेल्यांत दादाचा जोडीदार गणपत होता. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं शेत, लहानपणापासून दोघं एका ताटात जेवलेले.

त्या सकाळी मी झरोक्याखालीच होते. दोघांची झटापट चालली होती. मग गणपतचा आवाज आला, "हारलो रंगा, सोड." मग जरा मोठ्यानं, "सोड, हात गेला." आणि त्यावर आण्णांची रोजची ओरड, "सोडतो कशाला? दम हाय का न्हाई अंगात? थूत् तुझ्या जिनगानीवर." गणपत किंचाळला. ओलं लाकूड मोडतं तसा आवाज आला. माझ्या हातातली शेणी तशीच राहिली.

गणपतचा हात कोपरात मोडला होता. तो पुढं कधी सरळ झाला नाही. माणसं त्याला उचलून घेऊन गेली तेव्हा दादा गोठ्यामागं येऊन बसला होता, अंगाला माती तशीच. मी पाण्याची कळशी घेऊन गेले आणि खरं म्हणजे त्याला बोलायलाच गेले होते. विचारलं, तो एवढा ओरडत होता ते तुला ऐकू नाही आलं? दादा म्हणाला, "आलं की. पन मी आण्णांचं ऐकत हुतो. वाटलं, आता म्हनतील, पुरं झालं, जिंकलास. ते म्हनंनात... मी थांबलो हुतो, सुमे." कळशी तिथंच ठेवून मी परत आले.

दुपारी आण्णा गणपतच्या घरून शिव्याशाप खाऊन परतले. हातात फोक होताच. ओसरीवर दादा दिसला आणि त्यांनी मारायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. कान फाटून रक्त गळ्यावर आलं. "कसाई हायेस, कसाई. मानूस न्हाईस." दादा उभा राहून खात होता. मग एकाएकी त्यानं आण्णांचा उगारलेला हात धरला, फोक गळून पडला, आणि त्यानं आण्णांचं मनगट पिरगाळत त्यांना गुडघ्यावर आणलं. आई चुलीपासून धावत आली. दादा ओरडत नव्हता. अगदी हळू बोलत होता.

"एकदा म्हना."

"काय म्हनू?"

"रंग्या चांगला हाय म्हना. एकदाच म्हना, लगेच सोडतो."

आण्णांच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दादानं पीळ वाढवला. आई हात जोडून म्हणत होती, म्हना वो, दोन शब्दांचं काय मोल, म्हना की. मी खांबाला धरून उभी होते. आण्णांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ते दादाच्या तोंडाकडं बघत होते. तसं त्यांना दादाकडं बघताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"मोड," ते म्हणाले. "मोडायचा तर मोड. म्हननार न्हाई."

आणि दादानं मोडला.

मी त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांची असेन. आज माझे केस पांढरे झाले, नातवंडं झाली, पण ओसरीवरचा तो बाप आणि तो लेक डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एकाला वाटत होतं, हे दोन शब्द बोललो तर पोर मरेल. दुसऱ्याला वाटत होतं, हात मोडून घेईल पण मला चांगलं म्हणणार नाही, इतका मी टाकाऊ. दोघांच्या मधे मी उभी, सगळं माहीत असलेली. "आण्णा घाबरत्यात रं, तुझं बाळूकाकागत हुईल म्हनून," असं मी जीव तोडून ओरडले. दादा तोवर उंबऱ्याबाहेर गेला होता.

शेवगावच्या हाडवैद्याकडं आण्णांना बैलगाडीतून नेलं, बरोबर मी. वैद्यानं विचारलं, कशानं झालं? आण्णा वेदनेनं पांढरेफटक पडले होते, तरी त्यांच्या तोंडावर हसू फुटलं. "पोराची पकड. काय पकड हाय वैद्यबुवा! लोखंड निस्तं. मी वस्ताद मानूस, मला सोडवता आली न्हाई. आख्ख्या जिल्ह्यात न्हाई अशी." एवढं बोलले आणि घाईघाईनं माझ्याकडं वळून म्हणाले, "त्येच्या कानावर घालू नको. बाळ्यागत हुईल." मला त्या क्षणी आण्णांचा दुसरा हात मोडावासा वाटला. लिहायला लाज वाटत नाही, वाटलाच.

अर्थात मी ते दादाच्या कानावर घातलं. तो पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होता. तिथंच झोपायचा, तिथं मजुरांना मिळणारी सुकडी खायचा. भाकरी घेऊन मी उन्हातून चालत गेले. तो माझ्याकडं पाठ करून बसला होता. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. प्रत्येक घावाला तो शिवी देत होता. आधी वाटलं दगडाला देतोय. "मुडद्या. शेनाचा पो. बायल्या. थूत् तुझ्या जिनगानीवर." आण्णांचे शब्द, आण्णांचाच सूर, आणि देत होता स्वतःला. शेजारी खडी फोडणाऱ्या बाया मान खाली घालून ऐकत होत्या. वैद्याकडची गोष्ट मी त्याला सांगितली. त्यानं हातोडा थांबवला नाही. नेहमीचं वाक्यही म्हणाला नाही. नुसतं म्हणाला, "भाकरी ठिव आन् जा. ऊन लई हाय." अंगावर बाप नव्हता, फोक नव्हता, तरी मार चालूच होता. शब्द एकदा आत गेले की त्यांना वस्ताद लागत नाही, हे मला त्या खडीच्या ढिगाऱ्यापाशी कळलं.

तालमीच्या मातीत दादा पुन्हा उतरला नाही. भिंगारच्या बाजारात हमाली केली, पुढं लग्न झालं, टेम्पो घेतला, सुप्याच्या कारखान्यांचा माल वाहिला. गणपतच्या घरी मात्र तो दर दिवाळीला जाऊन बसायचा आणि दोघं मुकाट्यानं फराळ करायचे. पोरांवर त्यानं कधी हात उगारला नाही. त्यांना तो "शाब्बास" म्हणायचा, पण म्हणून झालं की काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघायचा, अंग गरम तर नाही ना. हे कुसुमवहिनींनीच मला हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही. आण्णा गेले तेव्हा तो गावी आला. तिरडी बांधून होईस्तोवर आण्णांचं वाकडं जुळलेलं मनगट हातात धरून बसला, आणि सोडा आता असं माणसांना त्याला सांगावं लागलं.

आमची शेवटची नीट भेट तो जायच्या आधी दोनेक महिने झाली असेल. भिंगारला, त्याच्या मागच्या खोलीत. हृदयाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती. मी बोलता बोलता म्हणून गेले, की दादा, तू कुणाचं वाईट केलं नाहीस, तू लई... त्यानं हात वर केला. नेहमीसारखा उठून जाईल असं वाटलं, पण उठायची ताकद नव्हती. म्हणाला, "नको म्हनू. मला भ्या वाटतं." मी चिडले. म्हटलं, एवढं आयुष्य गेलं, तूसुद्धा त्या नजरेच्या खुळावर विश्वास ठेवतोस? त्याला दम लागत होता. थांबत थांबत बोलला.

"ठिवावा लागतो, सुमे. मला कुनी चांगलं म्हनलं आन् मला काय झालंच न्हाई... तर मंग आण्णांनी हात कशापायी मोडून घेतला?"

इतकी वर्षं मी समजत होते की त्याला आण्णांचं प्रेम कधी कळलंच नाही. कळलं होतं. तेवढं एकच त्यांनी मागं ठेवलं होतं आणि ते जपायचं तर आयुष्यभर चांगल्या शब्दापासून पळावं लागत होतं. तो पळाला. आण्णा, तुम्ही फार मोठे वस्ताद असाल, पण तुमच्यासारखा अडाणी माणूस मी पाहिला नाही. आणि त्या मोडक्या हाताचं आठवलं की मला अजून रडू येतं, याचाही मला राग येतो.

दहाव्याला माणसं खूप जमली. टेम्पोवाले, हमाल, जुने पैलवान, वाकडा हात छातीशी धरून गणपतही. एकामागून एक उठून बोलले. सरळ माणूस, देवमाणूस, असा गडी होणे नाही... मी मुठी आवळून बसले होते. दर वाक्याला वाटायचं, आता दादा उठून जाईल. सगळे पांगल्यावर मी मागच्या खोलीत गेले. खाटेवरची गादी उन्हात टाकली होती, उघड्या पट्ट्या दिसत होत्या. मी दार लोटलं नाही, आवाजही खाली घेतला नाही. म्हटलं, "दादा, तू चांगला होतास. लई चांगला होतास."

मोरीवर वहिनी भांडी घासत होत्या. त्यांचा हात थांबला. पदराला हात पुसत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"म्हनलात का, वन्सं?"

"म्हणले."

"मला त्यांनी कदी म्हनू दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. "संसार झाला, पोरं झाली, पन येकदाबी न्हाई. तोंड उघडलं की उठून जायचे." त्या खाटेपाशी आल्या. मग पायगतीला बसल्या, तो निजलेला असताना बसायच्या तशाच, कडेला, अंग चोरून. मी उठून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. ओसरीवर माणसांनी चहाचे कप तसेच टाकले होते, ते मी गोळा केले, विसळले, पालथे घातले. आतून वहिनींचा आवाज अजून येत होता.